दर वेळी ‘फॉरमॅट करा’ म्हणणारी हार्ड डिस्क: विंडोज आणि उबुंटूत एकच डिस्क वापरताना

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. १ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क आहे आणि तिचे दोन भाग केलेले आहेत. एक भाग विंडोज आणि उबुंटू (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) दोघांनाही वाचता येईल असा, दुसरा फक्त उबुंटूचा. विंडोजच्या संगणकाला डिस्क लावली की पहिला भाग नीट उघडतो आणि पाठोपाठ एक चौकट येते: ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क इन ड्राइव्ह एफ बिफोर यू कॅन यूज इट’. खाली दोन बटणं, ‘फॉरमॅट डिस्क’ आणि ‘कॅन्सल’. कॅन्सल केलं तर काही बिघडत नाही, पण पुढच्या वेळी चौकट पुन्हा हजर. आणि तीच डिस्क उबुंटूकडे परत आणली की मधूनमधून सामाईक भागात काही लिहिताच येत नाही, ‘रीड-ओन्ली’ म्हणून उत्तर मिळतं, नाहीतर तो भाग उघडतच नाही.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. मी दीड वर्ष त्यांना एकच दुखणं समजत होते, म्हणून एकीचं औषध दुसरीला देत बसले.

आमच्याकडे बडोद्यात ही डिस्क दोन घरांत फिरते. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या माळ्यावर पणजोबांच्या वेळची एक पेटी निघाली. ते बडोदा संस्थानात नोकरीला होते. पेटीत घरच्यांना लिहिलेली पत्रं, देवघराच्या खर्चाच्या वह्या, लग्नकार्याच्या याद्या, बहुतेक सगळं मोडीत. मला मोडी येत नाही, काकांना येते. त्यामुळे वाटणी अशी झाली की पानं मी माझ्याकडे अलकापुरीत स्कॅन करायची आणि काकांनी ती वाचून देवनागरीत टाइप करायची. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. काकांचा डेस्कटॉप विंडोज ११ चा, आणि या वयात त्यांनी नवीन सिस्टिम शिकावी असं मला वाटत नाही. एका ए-४ पानाचं ६०० डीपीआयवरचं रंगीत टिफ साधारण १०४ एमबी भरतं. २,४०० पानं म्हणजे २५० जीबी. एवढं सामान इंटरनेटवरून रोज पाठवत बसण्यापेक्षा डिस्क पिशवीत घालून स्कूटरवरून नेणं सोपं.

आता पहिली तक्रार, कारण धोका तिच्यात आहे.

डिस्कचे भाग पाडले की डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता लिहिला जातो. हल्ली तो जीपीटी पद्धतीचा असतो. कुठला भाग कुठून कुठपर्यंत हे त्यात असतंच, पण प्रत्येक भागापुढे त्याचा ‘प्रकार’ही लिहिलेला असतो. हा प्रकार म्हणजे आत खरोखर काय आहे ते नव्हे, आत काय असावं याची नोंद. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचं उदाहरण घ्या. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून ती उभी करवली, आणि तिथे मराठी, गुजराती, इंग्रजी असे सगळे ग्रंथ आहेत. पुस्तक जागेवर लावणाऱ्याला ती भाषा यावी लागत नाही, पाठीवरची चिठ्ठी बघून तो ते योग्य कपाटात ठेवतो. चिठ्ठीच चुकीची असेल तर मराठी पोथी गुजरातीच्या कपाटात जाईल, आणि तिथला वाचक ती उघडून म्हणेल, हे काहीतरी भलतंच आहे.

माझ्या डिस्कचं नेमकं हेच झालं होतं. दोन्ही भाग मी काकांच्या संगणकावर, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पाडले. विंडोजने दोघांवरही ‘बेसिक डेटा’ अशी चिठ्ठी लावली. विंडोजच्या दृष्टीने तिचा अर्थ ‘हा भाग माझा’. नंतर घरी येऊन मी उबुंटूच्या टर्मिनलमधून दुसरा भाग ईएक्सटी४ मध्ये, म्हणजे लिनक्सच्या फाइली मांडायच्या पद्धतीत, फॉरमॅट केला. त्याने आतला मजकूर बदलला, चिठ्ठी तशीच राहिली. त्यानंतर विंडोज डिस्क लावल्यावर चिठ्ठी वाचायचं, भागाला एफ अक्षर द्यायचं, आत डोकवायचं, ओळखीचं काही दिसायचं नाही, आणि ‘फॉरमॅट करा’ म्हणायचं. विंडोजला ईएक्सटी४ आपणहून वाचता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही. पण जे आपल्याला वाचता येत नाही ते रिकामं समजणं, आणि तेही इतक्या हुकमी भाषेत सांगणं, मला आजही पटत नाही.

जुन्या उबुंटूतून भाग पाडले असतील तरी हे होऊ शकतं. एके काळी लिनक्सची भाग पाडणारी साधनंसुद्धा लिनक्सच्या भागाला हीच ‘बेसिक डेटा’ चिठ्ठी लावत. लिनक्ससाठी वेगळा प्रकार नंतर रूढ झाला.

तपासायचं असं. उबुंटूत ‘डिस्क्स’ नावाचं साधन उघडा, डावीकडून एक्सटर्नल डिस्क निवडा, उजवीकडच्या चित्रात ईएक्सटी४ भागावर क्लिक करा. खाली ‘पार्टिशन टाइप’ दिसेल. तिथे ‘बेसिक डेटा’ असेल तर चोर सापडला. चौकोनी बटण दाबून तो भाग आधी अनमाउंट करा (म्हणजे सिस्टिमपासून सोडवा), मग दातेरी चाकाच्या बटणात ‘एडिट पार्टिशन’ निवडा आणि प्रकार ‘लिनक्स फाइलसिस्टिम’ करा. जवळच ‘फॉरमॅट पार्टिशन’ पण आहे, त्याला हात लावायचा नाही. पासवर्ड देऊन ‘चेंज’ करा. आतल्या एकाही फाइलला धक्का लागत नाही, बदलते ती फक्त चिठ्ठी. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर तिथे प्रकाराला आकडा असतो: विंडोजचा ०७, लिनक्सचा ८३. तिथे ०७ असेल तर ८३ करा. यानंतर विंडोज त्या भागाला अक्षरच देत नाही, आणि अक्षर नाही म्हणजे चौकट नाही.

या आधी मी दुसरा उपाय केला होता, आणि बऱ्याच जणांना तोच सांगितला जातो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या भागावर उजवं क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ मधून अक्षर काढून टाकायचं. काकांच्या संगणकावर चौकट थांबली. मग एक दिवस आत्याला लग्नाच्या याद्या बघायच्या होत्या, डिस्क तिच्या लॅपटॉपला लावली आणि चौकट परत आली. अक्षर काढल्याची आठवण त्या एका संगणकापुरती असते, प्रकार मात्र डिस्कवरच लिहिलेला असतो आणि डिस्कबरोबर सगळीकडे जातो. म्हणून दुरुस्ती तिथेच करायला हवी.

हे मला वेळेवर कळलं असतं तर पुढचं टळलं असतं. गेल्या श्रावणात काकांचा फोन आला.

“अगं, मी कॅन्सलच दाबणार होतो. ते कसं झालं कळलं नाही. आता तो भाग रिकामा दिसतोय.”

“काका, काही दाबू नका. तुम्ही फक्त डिस्क इजेक्ट करा, मी निघालेच.”

चूक काकांची नव्हती. दीड वर्षात ती चौकट त्यांनी शंभर वेळा तरी नाकारली असेल. ज्या प्रश्नाचं उत्तर शंभर वेळा बरोबर द्यावं लागतं, तो प्रश्न माणसापुढे येऊ न देणं हे माझं काम होतं.

तुमच्याकडे फॉरमॅट आधीच दाबलं गेलं असेल तर इथे थांबा. त्या डिस्कवर नवीन काहीही कॉपी करू नका, आणि विंडोजला ती ‘दुरुस्त’ही करू देऊ नका. आमचं नशीब असं की फॉरमॅटच्या चौकटीत ‘क्विक फॉरमॅट’ची खूण होती. क्विक फॉरमॅट नव्या व्यवस्थेपुरते थोडे कप्पे लिहितं, बाकीचा मजकूर जागेवर राहतो. ती खूण काढलेली असती तर विंडोज व्हिस्टापासूनच्या पद्धतीप्रमाणे पूर्ण भागावर शून्यं लिहिली गेली असती आणि शोधायला काही उरलं नसतं. डिस्कऐवजी एसएसडी असेल तर क्विक फॉरमॅटवरही फार भरवसा ठेवता येत नाही, कारण फॉरमॅट करताना ‘ट्रिम’चा, म्हणजे ‘हा मजकूर आता नको’ असा, निरोप गेला तर जुना मजकूर एसएसडी स्वतःच सोडून देते.

मी २ टीबीची दुसरी डिस्क आणून डीडीरेस्क्यू या साधनाने त्या संपूर्ण भागाची हुबेहूब प्रत घेतली आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर केले. मूळ डिस्क कपाटात ठेवून दिली. ईएक्सटी४ ची एक चांगली सवय इथे कामाला आली. ती आपलं मुख्य पान, ज्याला सुपरब्लॉक म्हणतात, फक्त सुरुवातीला ठेवून थांबत नाही, त्याच्या प्रती भागात ठिकठिकाणी ठेवते. ४ केबीचे ब्लॉक असतील तर पहिली प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर असते. सुरुवातीचं पान विंडोजने पुसलं होतं, तपासणीच्या ई२एफएससीके या कमांडला ही ३२७६८ वरची प्रत दाखवली आणि बहुतेक फोल्डर नावांसकट उभे राहिले. काही फाइल ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने पडल्या. त्या एकेक उघडून, अक्षर ओळखून, जागेवर लावायला मला आणि काकांना मिळून तीन रविवार लागले. १९ पानं खराब निघाली. कागद घरातच होते म्हणून ती पुन्हा स्कॅन करता आली. ही दुरुस्ती प्रतीवरच करायची, हे जोर देऊन सांगते, कारण ई२एफएससीके डिस्कवर लिहितं आणि त्याचा अंदाज चुकला तर मागे फिरता येत नाही. एवढं करूनही काही हाती लागलं नाही तर फोटोरेक नावाचं साधन आहे. ते फाइलची नावं परत देत नाही, पण टिफ, जेपेग, पीडीएफ त्यांच्या आतल्या खुणांवरून शोधून काढतं.

आता दुसरी तक्रार, सामाईक भाग उबुंटूत ‘रीड-ओन्ली’ होण्याची.

आमचा सामाईक भाग तेव्हा एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, होता. काकांची पद्धत फार शिस्तीची: काम झालं की संगणक शट डाउन करायचा, दिवे विझेपर्यंत थांबायचं, मग केबल काढायची. चालू संगणकातून डिस्क ओढण्यापेक्षा हे सुरक्षित, असं त्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. पण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. विंडोज आपला गाभा झोपेच्या फाइलमध्ये ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. त्या वेळी जोडलेल्या डिस्कचा हिशोबही त्याच्या डोक्यात अर्धवट उघडा राहू शकतो. डिस्क मग माझ्याकडे आली की उबुंटू पाहतं: हिशोब बंद झालेला नाही, मालक झोपलाय, उठल्यावर तो जुन्याच आठवणीने लिहील. म्हणून उबुंटू लिहायला नकार देतं. हा नकार योग्य आहे. तो मोडून काढण्याच्या युक्त्या शोधू नका.

गंमत अशी की ‘रीस्टार्ट’ केल्यावर हे होत नाही, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन नव्याने उठतं. म्हणून हा त्रास कधी यायचा, कधी नाही, आणि मी केबल बदलून बघत बसायचे.

उपाय विंडोजमध्ये आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ, आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढून सेव्ह. दुसऱ्याचा संगणक असेल आणि सेटिंग बदलायची नसेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, त्या एका वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. आणि कुठल्याही परिस्थितीत आधी इजेक्ट, मग शट डाउन. काकांना मी हा क्रम कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला लावून दिलाय.

आधीच अडकलेला भाग विंडोजमधूनच सोडवा: ड्राइव्हवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. लिनक्समध्ये एनटीएफएसफिक्स नावाची कमांड आहे आणि ती लगेच काम करते असं दिसतं. ती काही किरकोळ दुरुस्त्या करून ‘इथे गडबड आहे’ ही खूण पुसते. विंडोज करतं तशी पूर्ण तपासणी ती करत नाही. मी ती चारदा चालवली आणि चारही वेळा दुखणं परत आलं.

सामाईक भाग एनटीएफएस ठेवावा की एक्सफॅट, ही फॉरमॅटची दुसरी पद्धत? सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही, पण माझं मत पक्कं झालंय. फॅट३२ आधीच बाद, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही. एनटीएफएस आपल्या बदलांची नोंदवही ठेवतं, त्यामुळे अर्ध्यात वीज गेली तर ते सावरतं, पण त्याची दुरुस्ती धड विंडोजमध्येच होते. एक्सफॅटला नोंदवही नाही, परवानग्या नाहीत. ते साधं आहे आणि दोन्हीकडे चालतं, लिनक्सच्या ५.७ या कर्नलपासून (गाभ्यापासून), म्हणजे २०२० पासून, त्याचा पक्का ड्रायव्हर आतच येतो. आमचा सामाईक भाग म्हणजे देवाणघेवाणीचं ताट. मूळ स्कॅन ईएक्सटी४ मध्ये, आणि काकांना त्या आठवड्यात लागणारी पानं तेवढी ताटात. ताट सांडलं तरी पुन्हा वाढता येतं. म्हणून आता आमच्याकडे एक्सफॅट आहे. तुमची एकमेव प्रत सामाईक भागातच राहणार असेल तर मी एक्सफॅट सुचवणार नाही.

एक्सफॅटची एक अडचण आधी माहीत असू द्या: तो भाग नंतर लहान करता येत नाही. विंडोजचं ‘श्रिंक व्हॉल्यूम’ एनटीएफएसला चालतं, एक्सफॅटला नाही. म्हणून आकार सुरुवातीलाच नीट ठरवा, आणि आकड्यांनी गोंधळू नका. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि कंपनी १००० च्या. उबुंटूचं ‘डिस्क्स’ साधनही १००० च्या पटीत मोजतं. विंडोजमध्ये ३०० जीबीचा पाडलेला भाग उबुंटूत ३२२ दिसला तर काही चुकलेलं नाही.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, कारण ही मला कुठेच लिहिलेली मिळाली नाही आणि अर्धा दिवस गेला. काकांना लांब नावं आवडतात, पत्र कुणी कुणाला कोणत्या प्रसंगी लिहिलं ते सगळं नावातच. विंडोजमध्ये ती चालायची, ईएक्सटी४ वर कॉपी करताना ‘फाइल नेम टू लाँग’ यायचं. विंडोज २५५ अक्षरचिन्हं मोजतं, ईएक्सटी४ २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, हलंतसुद्धा वेगळे मोजले जातात. ‘पत्र’ हा दोन अक्षरी शब्द चार चिन्हं आणि बारा बाइट खातो. उलट दिशेने विसर्गासारखं दिसणारं कोलन नडतं: ईएक्सटी४ ला ते नावात चालतं, एक्सफॅट नाकारतं. आता नाव आखूड, आणि बाकी तपशील एका वेगळ्या तक्त्यात.

हे सगळं करूनही डिस्क लावल्यावर काही विचारलं जात असेल, तर प्रश्न नीट वाचा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये भाग न दिसता पूर्ण डिस्कच ‘नॉट इनिशियलाइज्ड’ दिसत असेल आणि एमबीआर की जीपीटी असं विचारत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. तिथे ‘ओके’ करू नका. केबल बदला, पुढच्या ऐवजी मागच्या यूएसबीला थेट लावा. आतली डिस्क जुन्या डबीतून (बाहेरच्या केसमधून) काढून नव्या डबीत घातली असेल तर आधी जुन्या डबीत परत घालून बघा. काही डब्या डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात, आणि मग भागांचा तक्ता शाबूत असूनही नव्या डबीतून तो सापडत नाही.